नाशिकच्या गच्चीवरून उपग्रहांचे सिग्नल ऐकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपग्रहाचे सिग्नल ऐकायचे म्हणजे नेमके काय?

पृथ्वीभोवती फिरणारे काही उपग्रह आपली माहिती उघडपणे, कसलेही कुलूप न लावता खाली पाठवत असतात. हवामान उपग्रह ढगांची चित्रे पाठवतात. हौशी रेडिओचे उपग्रह हॅम मंडळींचे, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्यांचे, बोलणे एका देशातून दुसऱ्या देशात पोचवतात. विद्यार्थ्यांनी बनवलेले छोटे उपग्रह आपल्या बॅटरीचा दाब आणि तापमान कळवतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून, म्हणजे आयएसएसवरून, अधूनमधून चित्रे येतात आणि कधीकधी अंतराळवीरांचा आवाजही. यातले बहुतेक पकडायला डिश लागत नाही. अॅल्युमिनियमच्या दोन काड्या, दहा मीटर केबल, यूएसबीचा एक डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि जुना लॅपटॉप एवढ्यावर पहिले चित्र निघते.

यासाठी परवाना लागतो का?

प्रक्षेपण करायचे असेल तर लागतोच. हौशी रेडिओचा परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन मिळतो. किमान वय १२ वर्षे आहे आणि रेस्ट्रिक्टेड व जनरल अशा दोन श्रेणी आहेत. इथे सांगितलेले सगळे काम फक्त ऐकण्याचे आहे. आरटीएल-एसडीआर डोंगलमधून प्रक्षेपण होऊच शकत नाही, म्हणून सुरुवातीला तोच घ्यावा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे वॉकीटॉकी हँडसेट मात्र प्रक्षेपण करतात. परवाना नसताना ते विकत घेऊ नका, आणि ‘नुसते तपासून बघू’ म्हणून बटणही दाबू नका.

ऐकतानाही मर्यादा आहे. हौशी रेडिओ आणि हवामानाचे उपग्रह सर्वांसाठी आहेत. लष्करी उपग्रह किंवा दुसऱ्याचे खासगी संभाषण सर्वांसाठी नाही. डोंगल तिथपर्यंत पोचतो म्हणून तिथे जायचे नसते.

नोआची चित्रे दिसत नाहीत. माझे काय चुकते आहे?

काहीच नाही, ते उपग्रहच बंद झाले. इंटरनेटवरची निम्मी ट्युटोरियल अजून नोआ-१५, १८ आणि १९ या अमेरिकी हवामान उपग्रहांबद्दलच बोलतात, म्हणून हा प्रश्न सारखा येतो. नोआ-१८ जून २०२५मध्ये बंद केला गेला. १९ आणि १५ हे दोन्ही ऑगस्ट २०२५मध्ये. १३७ मेगाहर्ट्झवरची ती टिकटिक करणारी अॅनालॉग चित्रे आता येणार नाहीत.

त्यांची जागा रशियाच्या मीटिओर उपग्रहांनी घेतली आहे. मीटिओर-एम२-३ हा जून २०२३मध्ये आणि एम२-४ हा २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडला गेला. अँटेना तोच चालतो, सॉफ्टवेअर बदलते, आणि चित्र नोआपेक्षा कितीतरी स्पष्ट येते. सुरुवात एम२-४ पासून करा. एम२-३चा सिग्नल कमजोर आणि हेलकावे खाणारा आहे. त्याचा प्रक्षेपण अँटेना नीट उघडला नाही, असे मानले जाते.

सामान काय घ्यायचे?

आर८२०टी२ किंवा आर८६० ट्यूनर चिप आणि टीसीएक्सओ असलेला आरटीएल-एसडीआर डोंगल. टीसीएक्सओमुळे डोंगल तापला तरी फ्रिक्वेन्सी सरकत नाही. टीव्ही पाहण्यासाठी विकले जाणारे बिनधातूच्या खोळीचे जुने डोंगल चालतात, पण घरातल्या सगळ्या उपकरणांची खरखर आत ओढून घेतात. दोन मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबलही घ्या. डोंगल थेट लॅपटॉपला खोचला की लॅपटॉपचाच गोंगाट ऐकू येतो, आणि यूएसबी ३च्या सॉकेटमध्ये हा त्रास जास्त असतो.

अँटेना घरी बनवावा. पैसे उरले तर महागडा रिसीव्हर घेण्याआधी चांगली केबल आणि अँटेनाजवळ बसवायचा, सिग्नल वाढवणारा प्रीअॅम्प्लिफायर घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. गच्चीवर अँटेनातून जे आत आले नाही, ते खाली कोणताही रिसीव्हर परत आणू शकत नाही.

व्ही-डायपोल कसा बनवायचा?

हार्डवेअरच्या दुकानातून ३ ते ४ मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची सळई आणि स्क्रूची कनेक्टर पट्टी आणा. ही तीच पट्टी, जी पंख्याच्या किंवा ट्यूबलाइटच्या जोडणीत असते. सळईचे दोन तुकडे करा. पट्टीच्या बाहेर प्रत्येक काडी ५३.४ सेंटिमीटर राहायला हवी. एका काडीला केबलची मधली तार, दुसरीला जाळी जोडा. दोन काड्यांमधला कोन १२० अंश ठेवा आणि सगळे लाकडी फळीवर किंवा पीव्हीसीच्या तुकड्यावर आवळून बसवा. काड्या जमिनीला समांतर हव्यात, आणि व्हीचे उघडे तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे. मीटिओर ध्रुवांवरून फिरतो, म्हणजे नाशिकवरून तो साधारण उत्तर-दक्षिणच जातो. त्याच्या वाटेवर सिग्नल एकसारखा मिळावा म्हणून ही दिशा. आडवा असल्यामुळे हा अँटेना आजूबाजूच्या उभ्या पोलरायझेशनचा, म्हणजे ज्याचे तरंग उभे हलतात असा, गोंगाटही कमी घेतो.

आता उंची. बरेच जण इथेच चुकतात. सिमेंटच्या स्लॅबमध्ये लोखंड असते आणि ते सिग्नल परतवते. १३७.९ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २.१७ मीटर आहे. अँटेना स्लॅबपासून बरोबर अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे १.१ मीटरवर ठेवला, तर उपग्रह डोक्यावर आल्यावर थेट आणि परतलेला सिग्नल एकमेकांना खातात. पास, म्हणजे उपग्रहाची आकाशातली एक फेरी, सुरू होताना चित्र छान आणि मधोमध काळे पट्टे, असे दिसले तर हे कारण तपासा. ५५ सेंटिमीटरवर हा त्रास नसतो, पण मग गच्चीचा कठडा आड येतो. १.६ मीटर ही उंची दोन्ही अडचणी सोडवते.

आयएसएससाठी हाच अँटेना वापरायचा असेल तर काड्या ५० सेंटिमीटर ठेवा. ४३७ मेगाहर्ट्झसाठी १६.५ सेंटिमीटर. मिलिमीटरभर इकडेतिकडे झाल्याने ऐकण्यात फरक पडत नाही.

केबल कोणती? डीटीएचची उरलेली केबल चालेल का?

चालेल, आणि चांगली चालेल. डीटीएचची आरजी-६ केबल ७५ ओहमची असते आणि डोंगल ५० ओहमचा. पण ही न जुळणारी जोडी पाव डेसिबलसुद्धा खात नाही. उलट बारीक आरजी-५८ केबल ४३७ मेगाहर्ट्झला दहा मीटरमध्ये साडेतीन डेसिबलच्या आसपास गमावते, म्हणजे निम्म्याहून जास्त सिग्नल. आरजी-६मध्ये तेवढ्याच लांबीत दीड डेसिबलही जात नाही. फक्त एफ कनेक्टर ते एसएमए असा अडॅप्टर लागतो. केबल दहा मीटरपेक्षा लांब न्यायची असेल तर प्रीअॅम्प्लिफायर अँटेनाच्या बुंध्याशीच लावा. खाली डोंगलजवळ लावला तर केबलमध्ये आधीच बुडालेल्या सिग्नलसोबत गोंगाटही मोठा होतो.

नाशिकमध्ये कुठून चांगले ऐकू येते?

शहर पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. पश्चिमेच्या डोंगरांची चिंता अनेकांना वाटते, पण गणित केले की ती जाते. अंजनेरी शहरापासून २० किलोमीटरच्या आसपास आणि शहरापेक्षा सुमारे ७०० मीटर उंच आहे, म्हणजे क्षितिजावर जेमतेम दोन अंश. तेवढ्या खाली उपग्रह असताना तसेही काही हाती लागत नाही. अडथळा होतो तो जवळच्या गोष्टींचा. पाथर्डी फाट्याकडे पांडवलेणीचा डोंगर, म्हसरूळकडे चामरलेणीचा, आणि गंगापूर रोड किंवा इंदिरानगरात शेजारची बारा मजली इमारत. चार मजली सोसायटीची मोकळी गच्ची या सगळ्यांपेक्षा बरी.

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींजवळ दिवसा गोंगाट खूप असतो, तिथे रात्रीचे किंवा रविवारचे पास घ्या. शहराबाहेर जाता येत असेल तर दिंडोरी किंवा त्र्यंबक रस्त्याकडच्या मोकळ्या शेतात, मालकाला विचारून, पटकन फरक जाणवतो.

काही जागा मात्र पूर्ण टाळा. देवळालीचा लष्करी परिसर, ओझरचा विमानतळ आणि कारखान्याचा भाग, नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या मुद्रणालयाचा परिसर आणि गंगापूर धरणाची भिंत. आकाशाकडे रोखलेला यागी (एकाच दिशेने ऐकणारा, हातात धरायचा) अँटेना लांबून पाहणाऱ्याला काय वाटेल, याचा विचार आपणच करायचा. २०२७च्या सिंहस्थात घाटांच्या आसपास हेच लागू राहील. सोसायटीच्या सचिवांना आधी सांगून ठेवले आणि एकदा चित्र काढून दाखवले, की पुढे अडचण येत नाही.

उपग्रह कधी येणार हे कसे कळते?

संगणकावर जीप्रेडिक्ट आणि अँड्रॉइड फोनवर लुक४सॅट, दोन्ही मोफत आहेत. स्थान टाकताना अक्षांश २०.०० उत्तर, रेखांश ७३.८० पूर्व, उंची ६०० मीटर एवढे पुरते. हॅम मंडळींचा ग्रिड चौकोन, म्हणजे जागा सांगणारा छोटा संकेत, टाकायचा असेल तर सांभाळा. २० अंश अक्षवृत्त शहरातूनच जाते, त्यामुळे नाशिकरोड एमके६९मध्ये येतो आणि म्हसरूळ एमएल६०मध्ये. नोंद पाठवताना आपण रेषेच्या कोणत्या बाजूला आहोत, हे नकाशावर पाहून घ्या.

कक्षेची माहिती टीएलई नावाच्या दोन ओळींच्या आकड्यांत येते आणि ती शिळी होते. आयएसएससाठी दर एक-दोन दिवसांनी, बाकीच्यांसाठी आठवड्यातून एकदा ती ताजी करा. अॅपने सांगितलेल्या वेळेला काहीच आले नाही, तर पहिला संशय टीएलईवर घ्या आणि दुसरा घड्याळावर.

जास्तीत जास्त उंचीचा कोन ३० अंशांच्या वर जाणारे पासच सुरुवातीला निवडा. कारण अंतर आहे. आयएसएस डोक्यावर असताना सुमारे ४२० किलोमीटरवर असते आणि १० अंशांवर असताना जवळजवळ १,५०० किलोमीटरवर. एवढ्यानेच सिग्नल ११ डेसिबलने पडतो.

मीटिओरचे चित्र पायरीपायरीने कसे काढायचे?

विंडोजवर आधी झॅडिग चालवून डोंगलचा ड्रायव्हर बदला. हे राहिले तर सॉफ्टवेअरला डोंगल दिसतच नाही. मग सॅटडंप हे सॉफ्टवेअर उघडा, त्यात टीएलई ताजी करून आपले स्थान भरा. रेकॉर्डर विभागात डोंगल निवडा, सॅम्पल रेट १.०२४ मेगा, फ्रिक्वेन्सी १३७.९ मेगाहर्ट्झ. ऑटोमॅटिक गेन, म्हणजे सिग्नल आपोआप वाढवण्याची सोय, बंद करा. गेन शून्यापासून एकेक पायरी वाढवा आणि अँटेना लावल्यावर खालची गोंगाटाची रेषा उचलली गेली की थांबा. त्यापुढे गेन वाढवला तर सिग्नल वाढत नाही, डोंगल मात्र गुदमरतो.

पास सुरू होण्याआधी तीन मिनिटे मीटिओर एलआरपीटीची ७२के प्रक्रिया सुरू करा. उपग्रह क्षितिजावर आला की धबधब्यासारख्या चित्रात सव्वाशे किलोहर्ट्झ रुंदीचा एक ठसठशीत उंचवटा दिसतो. बाजूच्या ठिपक्यांच्या चौकटीत चार वेगळे पुंजके पडायला लागले, की सिग्नल पकडला गेला. पुंजके पसरट असतील तर सिग्नल कमी आहे. चारांऐवजी गोल कडे दिसत असेल तर सॉफ्टवेअरची सिग्नलवर पकड (लॉक) बसलेली नाही. उंचवटा चांगला दिसतो पण पकड बसत नाही, तर ७२के ऐवजी ८०के निवडून पाहा. १३७.९वर काहीच नसेल तर १३७.१ पाहा. या उपग्रहांची फ्रिक्वेन्सी बदलली जाते.

कच्चा सिग्नलही साठवून ठेवावा, म्हणजे चुकीच्या सेटिंगमुळे पास वाया जात नाही, नंतर पुन्हा उलगडता येतो. १ मेगा सॅम्पल रेट आणि ८ बिट धरले तर सेकंदाला २ मेगाबाइट, म्हणजे १२ मिनिटांच्या पासला जवळजवळ दीड जीबी. डिस्कवर तेवढी जागा ठेवा. जुन्या हार्डडिस्कवर लिहिताना सॅम्पल गळले तर चित्रात आडवे तुकडे पडतात.

पास दक्षिणेकडून उत्तरेकडे असेल तर चित्र उलटे येते, ते १८० अंश फिरवा. दिवसा दृश्य प्रकाशाची चित्रे मिळतात, रात्री अवरक्त. चांगल्या पासमध्ये श्रीलंकेपासून हिमालयापर्यंतचा पट्टा येतो आणि एक ठिपका साधारण एक किलोमीटरचा असतो. डिसेंबरच्या निरभ्र सकाळी गोदावरीवरचा नाथसागर बोट ठेवून दाखवता येतो. जुलैमध्ये सह्याद्रीच्या माथ्यावर ढगांची भिंत नेमकी कुठे थांबते, ते दिसते. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना यापेक्षा चांगले भूगोलाचे पुस्तक मिळणार नाही.

आयएसएसवरून काय काय येते?

१४५.८०० मेगाहर्ट्झवर आवाज आणि चित्रे, १४५.८२५वर एपीआरएसचे डेटा संदेश, ४३७.८००वर रिपीटरचा (आलेले बोलणे पुन्हा प्रसारित करणाऱ्या यंत्राचा) डाउनलिंक, म्हणजे खाली येणारा सिग्नल. तिन्ही नेहमी चालू नसतात, स्थानकावरचा हौशी रेडिओ पाहणाऱ्या अॅरिस संस्थेचे वेळापत्रक पाहावे. जुलै २०२५मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला स्थानकावर असताना त्यांनी हॅम रेडिओवरून भारतातल्या विद्यार्थ्यांशी संवाद साधला होता. शाळांसाठीचे असे संवाद अंतराळवीराच्या बाजूने साध्या एफएम रिसीव्हरवर ऐकू येतात. प्रश्न विचारणारी शाळा ऐकू येत नाही, कारण तिचा सिग्नल वर जात असतो.

चित्रांचे कार्यक्रम वर्षातून काही वेळा होतात. पद्धत बहुतेक वेळा पीडी१२०. एक चित्र सुमारे दोन मिनिटे सहा सेकंद चालते आणि नंतर तेवढीच विश्रांती असते, त्यामुळे दहा मिनिटांच्या पासमध्ये दोन, फार तर तीन चित्रे मिळतात. फोनवर रोबोट३६ अॅप उघडून स्पीकरजवळ धरले तरी चित्र निघते. पण बोलण्याचा आवाजही त्यात उमटतो, म्हणून सगळ्यांना गप्प बसवा किंवा आवाज लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करून मग उलगडा. एसडीआर सॉफ्टवेअरमध्ये साधा नॅरो एफएम निवडा, रुंदी १५ ते २० किलोहर्ट्झ. स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल कमी झाला की आवाज बंद करणारी सोय, पूर्ण उघडा ठेवा. तो लावला की सिग्नल किंचित बसताच चित्रात भोक पडते.

डॉप्लरसाठी फ्रिक्वेन्सी किती सरकवायची?

उपग्रह जवळ येताना फ्रिक्वेन्सी वर असते, लांब जाताना खाली. १४५.८वर हा फरक जास्तीत जास्त साडेतीन किलोहर्ट्झचा, त्यामुळे २० किलोहर्ट्झ रुंद एफएममध्ये हात न लावता चालते. ४३७.८वर तो दहा किलोहर्ट्झचा होतो. तिथे ४३७.८१०वर सुरुवात करा, मग ४३७.८०५, माथ्यावर ४३७.८००, पुढे ४३७.७९५ आणि शेवटी ४३७.७९०. डोक्यावरून जाणाऱ्या पासमध्ये मधला बदल झपाट्याने होतो, बोट तयार ठेवा.

एसएसबी (सिंगल साइडबँड) पद्धतीवरचे बोलणे ऐकायला आरएस-४४ हा उपग्रह उत्तम. डाउनलिंक ४३५.६१० ते ४३५.६७०, बीकन (उपग्रहाचा ओळखीचा सिग्नल) ४३५.६०५. कक्षा उंच असल्याने पास वीस मिनिटांच्या आसपास चालतो आणि शिकायला सवड मिळते. सॉफ्टवेअरमध्ये यूएसबी, म्हणजे अपर साइडबँड, लावा आणि आवाज जाड किंवा चिरका झाला की थोडेथोडे खाली सरकवत राहा. ज्यांना इतिहासाची ओढ आहे त्यांनी १४५.९२५ ते १४५.९७५वर एओ-७ शोधावा. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी सोडलेला हा उपग्रह १९८१मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन गप्प झाला, आणि २००२मध्ये तीच बॅटरी आतून तुटल्याने शॉर्ट निघून पुन्हा बोलू लागला. बॅटरी नाही, म्हणून तो फक्त उन्हात असताना चालतो.

हातात धरायचा यागी स्वस्तात कसा करायचा?

एक इंच रुंदीचा स्टीलचा मेजरटेप, पाऊण इंची पीव्हीसी पाइप आणि होज क्लॅम्प. मागची पट्टी १०५ सेंटिमीटर, मधली दोन तुकड्यांत प्रत्येकी ४५, पुढची ८९. तीन मीटर टेप यात संपतो. मागची आणि मधली यांत २०.३ सेंटिमीटर, मधली आणि पुढची यांत ३१.८. मधल्या दोन तुकड्यांत अडीच सेंटिमीटरची फट ठेवा, त्यांच्या टोकांवर १२.५ सेंटिमीटर लांबीची यू आकाराची तार आडवी डाग द्या आणि तिथेच केबल जोडा. टेपचा पिवळा रंग सॅंडपेपरने पूर्ण घासल्याशिवाय सोल्डर धरत नाही. कापलेल्या कडा ब्लेडसारख्या असतात, त्यांना टेप गुंडाळा.

हा १४५ मेगाहर्ट्झसाठी आहे. ऐकताना मनगट फिरवत राहा. उपग्रह गिरक्या घेत असतो आणि सिग्नलचा पीळ बदलतो, त्यामुळे उभ्याचा आडवा केल्यावर बुडालेला आवाज परत वर येतो.

क्यूओ-१०० नाशिकहून मिळतो का?

मिळतो, आणि चोवीस तास मिळतो. २५.९ अंश पूर्वेवरच्या एस’हेल-२ या भूस्थिर उपग्रहावर हौशी रेडिओचा ट्रान्सपाँडर (आलेला सिग्नल परत खाली पाठवणारे यंत्र) आहे, त्यालाच क्यूओ-१०० म्हणतात. नाशिकहून त्याची दिशा सुमारे २५३ अंश, म्हणजे पश्चिम-नैर्ऋत्य, आणि उंची सुमारे ३२ अंश. होकायंत्र वापरताना चुंबकीय फरक मोजायची गरज नाही, इथे तो एका अंशाहून कमी आहे. गच्चीवरच्या लोखंडी टाकीपासून मात्र लांब उभे राहा.

जुनी ६० सेंटिमीटरची डीटीएच डिश पुरते, ८० ते ९० असेल तर उत्तम. डीटीएचचे उपग्रह नाशिकहून साधारण ४५ ते ६५ अंशांवर असतात, त्यामुळे त्या डिशा बऱ्याच मागे झुकलेल्या दिसतात. क्यूओ-१००साठी तीच ऑफसेट डिश जवळजवळ उभी, सात-आठ अंशच मागे कललेली राहते. उभी दिसली म्हणून ती चुकली असे समजून मागे ढकलू नका.

दुसरी अडचण पिळाची. उपग्रह आपल्यापासून ४८ अंश पश्चिमेला आहे, त्यामुळे त्याचे ‘उभे’ पोलरायझेशन नाशिकला सुमारे ६४ अंश कललेले पोचते. डिशच्या मागे, उपग्रहाकडे तोंड करून उभे राहा आणि एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावर बसवलेला रिसीव्हर) घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तेवढा फिरवा. ब्रॅकेट तेवढे फिरू देत नसेल तर १३ ऐवजी १८ व्होल्ट द्या आणि उलट दिशेने २६ अंश फिरवा, परिणाम तोच. शेवटचे चार-पाच अंश बीकनची ताकद पाहून ठरवा.

पीएलएल प्रकारचा युनिव्हर्सल एलएनबीच घ्या. त्याचा आतला ऑसिलेटर ९,७५० मेगाहर्ट्झचा असल्याने १०,४८९.५ ते १०,४९० हा पट्टा डोंगलवर ७३९.५ ते ७४०वर येतो आणि मधला बीकन ७३९.७५वर. जुने एलएनबी तापमानाबरोबर शेकडो किलोहर्ट्झ भटकतात. नाशिकच्या जानेवारीत पहाट आणि दुपार यांत वीस अंशांचा फरक असतो, तिथे त्यांचा टिकाव लागत नाही. पीएलएललाही अर्धा तास तापू द्या.

एलएनबीची वीज डोंगलपर्यंत जाऊ देऊ नका. डोंगलचा स्वतःचा साडेचार व्होल्टचा पुरवठा एलएनबीला पुरत नाही, आणि बाहेरून दिलेले १३ व्होल्ट डोंगलमध्ये शिरले तर तो जळतो. एकाच बाजूने वीज जाऊ देणारा डीटीएच स्प्लिटर घ्या, वीज जाणाऱ्या तोंडाला सेट-टॉप बॉक्स, बंद तोंडाला डोंगल. जोडण्याआधी बंद तोंडावर मल्टिमीटर लावून शून्य व्होल्ट असल्याची खात्री करा. बीकनच्या आजूबाजूला मधेच भकाभक पट्टे उमटत असतील तर जवळचा मोबाइल तपासा. ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झ हा फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलचा एक पट्टा आहे. फोन विमान मोडवर टाका आणि एफ कनेक्टर घट्ट करा.

खरखर एवढी आहे की काहीच दिसत नाही. काय करू?

लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच पाच मिनिटे बंद करा. खरखर गेली तर कारण घरातच आहे, एकेक सर्किट चालू करून शोधा. एलईडी दिवे, स्वस्त मोबाइल चार्जर, सोलर इन्व्हर्टर आणि लिफ्टचा ड्राइव्ह हे नेहमीचे. घर बंद असूनही खरखर राहिली तर अँटेना गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन पाहा. पाच मीटरनेही फरक पडतो.

गेन वाढवताच सगळीकडे एफएमची गाणी उमटत असतील तर तो गोंगाट नाही. आकाशवाणीचे १०१.४ आणि खासगी एफएम केंद्रांचे जोरदार सिग्नल डोंगल भरून टाकतात. ८८ ते १०८ अडवणारा नॉच फिल्टर केबल आणि डोंगल यांच्यामध्ये लावा. प्रीअॅम्प्लिफायर असेल तर फिल्टर त्याच्या आधी.

पाऊस, वीज आणि मांजा?

एप्रिल-मेच्या वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विजा जास्त. ढग दाटले की केबल डोंगलपासून काढून खिडकीबाहेर ठेवा. कोणताही छोटा अरेस्टर थेट पडलेल्या विजेपासून वाचवत नाही. पावसाळ्यात पाणी जोडातून जाळीत शिरते आणि हळूहळू खाली उतरते, म्हणून जोड सेल्फ-फ्यूजिंग टेपने गुंडाळा आणि घरात येण्याआधी केबलला खाली झोळ द्या. दिवाळीनंतर सिग्नल अचानक कमी वाटला तर केबलचे टोक कापून पाहा. तांबे काळे पडले असेल तर ती केबल बदला. संक्रांतीला अँटेना उतरवून ठेवलेला बरा. येवल्यापासून नाशिकपर्यंत आकाशात पतंग असतात, आणि काड्यांत अडकलेला मांजा पक्ष्यांचा जीव घेतो.

भारतीय विद्यार्थ्यांचे उपग्रह होते ना?

होते. पुण्याच्या सीओईपीचा स्वयम् २२ जून २०१६ रोजी आणि आयआयटी मुंबईचा प्रथम २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्हीने गेला. त्याआधी ५ मे २००५ रोजी इस्रोने सोडलेला हॅमसॅट २०१४पर्यंत जगभरच्या हॅम मंडळींनी वापरला. नवे उपग्रह सतत जातात, पीएसएलव्हीच्या प्रत्येक उड्डाणाआधी सोबतच्या छोट्या उपग्रहांची यादी पाहावी.

ऐकलेल्याची नोंद कशी ठेवायची?

उपग्रहाचे नाव, तारीख, सुरुवात आणि शेवटची वेळ, फ्रिक्वेन्सी, सर्वांत जास्त उंचीचा कोन, अँटेना, आणि काय ऐकले. वेळ यूटीसीत लिहा, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. पहाटे साडेपाचच्या आधीचा पास असेल तर तारीखही आदल्या दिवसाची होते, हे विसरले की नोंद जुळत नाही. फाइलच्या नावातच यूटीसी वेळ टाका.

छोट्या उपग्रहांच्या चमूंना अशा नोंदींची खरी गरज असते. उड्डाणानंतर पहिल्या दिवसांत त्यांच्या स्वतःच्या केंद्रावरून दिवसाला मोजकेच पास मिळतात, बाकी वेळी उपग्रह कसा आहे हे जगभरचे श्रोतेच सांगतात. ऐकू आले नाही तरी कळवा, कारण ३० अंशांवरच्या पासमध्ये शांतता होती ही माहितीही त्यांच्या कामाची असते. कायमस्वरूपी केंद्र उभारायचे असेल तर रास्पबेरी पाय आणि हाच डोंगल वापरून सॅटनॉग्स या उपग्रह ऐकणाऱ्या केंद्रांच्या जाळ्यात सामील होता येते. त्यासाठी इंटरनेट आणि वीज अखंड हवी, म्हणून पायला छोटा यूपीएस लावा. नाहीतर वीज जाता-येता मेमरी कार्ड खराब होते.